खोली कमी कर

कार्डिफ
३ मार्च २०२५

चि. देविकास, अनेक आशीर्वाद.

पिवळा कागद बांधणारा माणूस अजून आपल्या दारासमोरच्या दिव्याच्या खांबाशीच आहे, तोवर लिहून घेते. एकदा त्याने कागद उलटा बांधला, सोडला, आता पुन्हा बांधतो आहे. एका बाजूला वेल्श, एका बाजूला इंग्रजी. सरकारने जपायच्या यादीत घातलेलं जुनं, म्हणजे लिस्टेड घर, घराखाली खोदकाम करून राहण्याची जागा करणे, कुणाची हरकत असल्यास कौन्सिलला कळवणे. मराठीत कुठेच नाही. ते बरंच आहे, कारण ज्याच्यासाठी हे चाललं आहे त्याला कळता कामा नये.

राकेशने नकाशे चांगले केले आहेत. तुझा मित्र आहे म्हणून म्हणत नाही. घराच्या दर्शनी बाजूला त्याने हात लावलेला नाही. आपली बाग मागे उताराला आहे, त्यामुळे घराखाली खणलं की खालचं दार सरळ बागेत उघडेल. तिथे एक झोपायची खोली आणि शेजारी धुण्याची जागा. मागच्या गल्लीतून आलं तर एकही पायरी चढायला नको. छताची उंचीही मी सांगितली तेवढीच धरली आहे.

सुमनमामी गेल्यापासून तुझा मामा लेस्टरला एकटा आहे. मी दर दिवाळीला त्याला म्हणते, इकडे राहायला ये. तो दर दिवाळीला तीच दोन कारणं देतो. पहिलं कारण आपला जिना. तो त्याच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि घर लिस्टेड म्हणून जिना मला बदलता येत नाही. दुसरं कारण मामीचं पुस्तकांचं कपाट. ते उंच आहे, आपल्या जिन्याने वर जात नाही, आणि ते नाही तिथे तो नाही. आता ही दोन्ही कारणं मी जमिनीत पुरते आहे. पण खोली त्याच्यासाठी आहे असं कळलं तर तो तिसरं कारण शोधेल. कुणी आपल्यासाठी काही केलं की त्याच्या अंगावर काटा येतो. म्हणून मंजुरी मिळेपर्यंत ही पाहुण्यांची खोली. तूही तेच म्हण.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र घालून फोन घेतला की तुझ्याऐवजी शिट्टी ऐकू येते. पत्र लिही, आणि मराठीत लिही. चुका मी मनातल्या मनात दुरुस्त करीन.

माणूस गेला. कागद सरळ आहे.

इथे माया साठून राहिली आहे, ती उचलायला एकदा ये.

आई

*

कार्डिफ
६ मार्च २०२५

चि. उदयास, ताईचे आशीर्वाद. निवृत्त झालास तरी चि. काही सुटणार नाही.

घराखाली खणायचं ठरवलं आहे. दचकू नकोस. इकडे आता पुष्कळ लोक खणतात. वर चढवायची परवानगी नाही, पुढे वाढवायची नाही, मागे वाढवायची नाही, मग उरलं काय? राकेशचे नकाशे कौन्सिलच्या वेबसाइटवर आहेत, पत्ता खाली लिहिते. तू आयुष्यभर रेल्वेच्या पुलांचे पाय तपासलेस. आता बहिणीच्या घराचे तपास.

खाली एक खोली होईल. पाहुण्यांसाठी. हल्ली माझ्याकडे पाहुणे फार येतात. खोली हवेशीर आहे, बागेत उघडते, सकाळचं ऊन येईल. तुझं मत स्पष्ट सांग. खोलीला नावं ठेवायची असतील तर आत्ताच ठेव, कारण हरकतींची मुदत महिनाअखेरीला संपते.

शेजारची ग्वेनेथ हरकत घेणार आहे. तिच्या आजीच्या कपबशा हादरतील म्हणते. तशी बाई गोड आहे. जाताना आपल्या जिन्याखालच्या कोळशाच्या कोनाड्यात डोकावली आणि म्हणाली, याला आम्ही कुच म्हणतो. मिठीलाही कुचच म्हणतात म्हणे. मला फार हसू आलं. कोळसा आणि मिठी एकाच शब्दात भरणाऱ्या लोकांना एकमेकांचं काय कळत असेल!

जेवत जा. टोस्ट म्हणजे जेवण नव्हे.

मोठेपणाचा हक्क न सोडणारी,
ताई

*

लेस्टर
१२ मार्च २०२५

ती. ताईस, सा. न. गुडघ्यांमुळे साष्टांग हल्ली फक्त कागदावर.

नकाशे पाहिले. तुझं घर दीडशे वर्षं उभं आहे. एवढ्या काळात त्याच्याखाली कुणी शिरलं नाही, हेही त्याचं एक कारण आहे. पण करता येईल.

भिंतीखालची माती एकदम मोकळी करायची नसते. थोडी जागा खणायची, काँक्रीट भरायचं, ते आवळलं की मधली जागा सोडून पुढची. सगळे दात एकाच बैठकीत काढत नाहीत, तसं. राकेशच्या नकाशात हे आहे. मुलगा बरा आहे.

उतारावरचं पाणी जमिनीखालून वाट काढत येतं. पाऊस थांबला तरी ते थांबत नाही. ते तुला दिसणार नाही म्हणून ते नाही असं समजू नकोस.

ग्वेनेथबाईंच्या भिंतीला आज कुठे कुठे तडे आहेत त्याचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेव. पुढचे वाद वाचतात. त्यांना चहा दे. तू भूलतज्ज्ञ होतीस हे विसर आणि फक्त चहा दे.

पाहुणे कोण ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. तुझ्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा म्हणून मी आजवर फक्त स्वतःलाच पाहिलं आहे.

इकडे ठीक. भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यात लसूण वर आला आहे. वाफ्याचा करार पुढच्या महिन्यात संपतो. या वर्षी अजून पुढे वाढवलेला नाही. घाई नाही.

धाकटेपण निमूटपणे सांभाळणारा,
उदय

ता. क. खोली कमी कर. बाकी सगळं मान्य.

*

कार्डिफ
१५ मार्च २०२५

चि. देविकास, अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र सोबत पाठवते. ता. क. वाच.

त्याने ओळखलं. पाहुणा म्हणून मी स्वतःलाच पाहिलं आहे असं आधी लिहितो, आणि शेवटी तीन शब्दांत खोली काढून टाक म्हणून सांगतो. रागावला असता तर मी भांडले असते. रागावलेलाही नाही. बाकी सगळं मान्य म्हणे. खोली गेल्यावर बाकी राहतं काय? धुण्याचं मशीन.

मी रडले नाही, कारण ग्वेनेथ बसली होती. तिच्या भिंतीचे फोटो काढत होतो. प्रत्येक तड्याची तिला माहिती आहे. एक तडा तिच्या भावाने लग्नाच्या दिवशी दार आपटलं त्याचा आहे. तो फोटो तिने दोनदा काढायला लावला.

राकेशला कळव की झोपायची खोली नको. तिथे काय दाखवायचं ते त्याने ठरवावं. अर्जच मागे घ्यावा असं एकदा मनात आलं. पण त्या माणसाने तो कागद दोनदा बांधला होता.

मामाला यातलं काही लिहू नकोस. त्याला नको तर नको. जबरदस्तीने आणलेला माणूस दारातल्या छत्रीसारखा उभा राहतो.

मी बरी आहे. तू काळजी करतेस ते मला इथवर ऐकू येतं, यंत्राशिवाय.

आई

*

लेस्टर
४ एप्रिल २०२५

ती. ताईस, सा. न.

सुधारलेले नकाशे पाहिले. समजले नाहीत.

खोली तेवढीच आहे. कमी कर म्हणून मी लिहिलं होतं. ती बोटभरही कमी झालेली नाही. उलट जे चांगलं होतं ते गेलं आहे. पाहुण्यांच्या जागी आता सायकली असं लिहिलं आहे. तुला सायकल येत नाही. सांगलीला शिकवायचा प्रयत्न मीच केला होता, तेव्हा कुंपण मोडलं होतं.

पाहुण्यांचा बेत रद्द झाला असेल. तुझं घर आहे, तुला ठरवायचा अधिकार आहे. सायकलींना मागचं दार सोयीचं पडेल. त्यांना गुडघे नसतात.

वाफ्याचा करार काल पुढे वाढवला. कांदे लावले. शिल्पा म्हणून एक बाई शेजारचा वाफा करतात. त्यांना वाटलं होतं मी या वर्षी सोडणार. मी म्हटलं, नाही, असंच चाललं आहे.

आपुलकीसाठी जागा उरली असेल तर सायकलींच्या मागे ठेव.

उदय

*

बर्मिंगहॅम
९ एप्रिल २०२५

ती. उदयमामा, शि. सा. न. हा आईने शिकवला, अर्थ मला अर्धाच येतो.

माझा मराठी चांगला नाही, पण हे इंग्लिशमध्ये लिहिला तर जोक राहणार नाही.

आईने तुमची दोन्ही पत्रं मला पाठवली. दुसऱ्या पत्रावर तिने पेन्सिलने लिहिला आहे की मामा विसरायला लागला का बघ. ती म्हणते पहिल्या पत्रात तुम्ही खोली नको सांगता, दुसऱ्यामध्ये म्हणता खोली तेवढीच आहे आणि सायकली कशाला. तिला वाटते तुमची मेमरी टेस्ट करायला पाहिजे. ती स्वतः डॉक्टर आहे म्हणून जास्त घाबरते.

मी बँकेत लंचमध्ये पत्रं परत वाचली. मी मराठी हळू वाचते, एक एक अक्षर, म्हणून मला दिसला. मी लहान होते तेव्हा स्विमिंगला आई काठावरून ओरडायची, देविका, खोल पाण्यात जाऊ नको. सगळा लीजर सेंटर बघायचा. खोल म्हणजे डीप. मग खोली म्हणजे डेप्थ पण असते ना? मामा, तुम्ही रूम म्हणाला का डेप्थ?

आईला वाटला रूम. तिने मला सांगितला, मी राकेशला सांगितला, राकेशने रूम काढून सायकली टाकल्या. कारण त्याला सायकली आवडतात.

आणि तो रूम तुमचा होता. दुसरे पाहुणे कोणी नाही. हे मी सांगायचा नव्हता. पण तुम्ही कांदे लावले, म्हणून सांगते.

डेप्थ म्हणाला असाल तर आईला लवकर लिहा. रूमच म्हणाला असाल तर मला लिहा. मग आईला कसा सांगायचा ते मी बघते.

खूप प्रेमाने (हे बरोबर आहे, मी चेक केला),
देविका

*

लेस्टर
११ एप्रिल २०२५

ती. ताईस, सा. न.

खोली कमी कर. खोली ठेव.

पहिली टेपने मोजतात. दुसरीत माणूस झोपतो. कोळसा आणि मिठी एका शब्दात भरणाऱ्यांना तू हसलीस. आपण दोघांनी काय केलं ते ग्वेनेथबाईंना सांगू नकोस.

मी विसरायला लागलेलो नाही. खात्री करायची असेल तर तुझे मॅट्रिकच्या गणिताचे मार्क इथे लिहितो. लिहू?

त्या खोलीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. जागा चांगली आहे. सकाळचं ऊन येईल असं तू लिहिलं होतंस, ते बरोबर आहे. मी दिशा तपासली होती. पहिल्याच दिवशी.

पण एवढी खोली धरलीस कशाला? खाली माणूस राहणार आहे की जिराफ? तू सरळ पाण्याच्या वाटेत उतरते आहेस. कौन्सिलचा इंजिनियर हेच म्हणेल. तो म्हणाला नाही तर मी त्याला पत्र लिहीन.

कांदे लावले आहेत ते आहेत. कांदे कुणालाही देता येतात.

लोभ तसाच आहे. त्याचा आता एकच अर्थ घ्यावा.

उदय

*

कार्डिफ
२० जून २०२५

चि. उदयास, आशीर्वाद, आणि मार्कांबद्दल एक धपाटा.

मंजुरी आली.

राकेशने सायकली बाहेर काढल्या. झोपायची खोली परत आत आली. ग्वेनेथने हरकत मागे घेतली. तुझं दातांचं उदाहरण मी तिला समजावून सांगितलं, ते तिला पटलं. तिची एकच अट आहे. रग्बीची मॅच असेल त्या दिवशी खणायचं नाही, कारण तेव्हा कपबशा तिच्याच ओरडण्याने हादरतात. खोलीचा घोटाळा मी तिला सांगितलाच. तू नको म्हणाला होतास, पण गोष्ट चांगली होती. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याकडेही कुच आहेच.

कौन्सिलच्या जुन्या इमारतींचं खातं सांभाळणाऱ्या बाई पाहायला आल्या होत्या. घरात त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल तर फुटपाथवरचं कोळसा टाकायचं लोखंडी झाकण. त्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, आमच्यात खणण्याआधी नारळ फोडतात, दारातल्या पायरीवर फोडला तर चालेल का? पायरी लिस्टेड आहे. त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं. दोन दिवसांनी रीतसर उत्तर आलं की नारळाला हरकत नाही, तो बागेत फोडावा.

आता खरी गोष्ट. एप्रिलमध्ये तू विचारलंस एवढी खोली कशाला. मी उत्तर दिलं नाही. वाटलं, कौन्सिल मान्य करेल आणि विषयच राहणार नाही. कौन्सिलने मान्य केलं नाही. तू म्हणाला होतास तसंच झालं. पाण्यामुळे खोली कमी करायची, या अटीवर मंजुरी आहे.

जिराफासाठी नव्हती रे. सुमनच्या कपाटासाठी होती. मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू बाजारात गेलास आणि मी ते मोजून घेतलं. आता खालची फरशी वर येणार, छताची उंची घटणार, आणि कपाट मावत नाही. वरची नक्षीची कमान अडते. आठ इंचांनी.

राकेश म्हणतो दुसरा अर्ज करता येईल. त्यात वर्ष जाईल, आणि पाणी काही तिथून हलणार नाही. कपाट सोडून ये असं मी म्हणणार नाही. मला ते तोंडाने म्हणता येणार नाही आणि तुला ऐकता येणार नाही. कपाट आहे तिथे तू, हे मला मान्य आहे. खोली मात्र मी बांधते आहे. तुझी म्हणूनच बांधते आहे. आता पाहुणे वगैरे काही म्हणत नाही.

काय ते तू ठरव. ठरवलंस ते सरळ शब्दात लिही. ज्याला एकच अर्थ आहे अशा.

ताई

*

लेस्टर
२४ जून २०२५

ती. ताईस, सा. न.

मंजुरीबद्दल अभिनंदन. अटी वाचल्या. योग्य आहेत. नारळाचं उत्तर फ्रेम करून ठेव.

कपाट मोजलं. तुझं माप बरोबर आहे. गणितात एवढी सुधारणा कधी झाली?

इथलं एक वाचनालय बंद झालं तेव्हा सुमनने ते लिलावात घेतलं. व्हॅनमध्ये मावेना. मी म्हटलं कपाट मोठं आहे. ती म्हणाली व्हॅन लहान आहे. शेवटी दुसरी व्हॅन आणली. घरी आणल्यावर दारातून जाईना, तेव्हा दार चुकीचं ठरलं. दाराची चौकट मी दोन दिवस काढून ठेवली होती. कपाट चुकीचं असू शकतं हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

कमानीपर्यंत तिचा हात पोचत नसे. दिवाळीच्या आधी मला फडकं देऊन म्हणायची की उंच नवरा केला तो एवढ्याचसाठी. कमान तिला आवडायची का ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. धूळ साचते अशी तिची तक्रार असायची. ती तक्रार कमानीबद्दल होती की माझ्याबद्दल, ते सांगता येत नाही.

कपाट आहे तसं ठेवायचं तर मला इथेच राहायला हवं. तुझ्याकडे यायचं तर ते आहे तसं राहणार नाही. दुसरा अर्ज करू नकोस. पाण्याच्या वाटेत जायचं नाही, हे मीच सांगितलं होतं.

मला ठरवता येत नाही, हे सरळ शब्दात लिहितो. देविकाला सांग की तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यातला एकही शब्द दुरुस्त करू नये.

टपाल गेलं आहे. हे उद्या टाकतो.

तुझा,
उदय

२५ जून, सकाळी. कमान कापली. करवत सरळ चालली. मागे बरीच धूळ होती, ती पुसली. कौन्सिलला विचारलं नाही, कपाट लिस्टेड नाही. पुन्हा मोजलं. मावतं.